रॉडच्या दोऱ्यावर काय लावायचं: जाड इपॉक्सी, पातळ इपॉक्सी की युरेथेन?

जूनमध्ये समुद्र उधाणला की वरळी-बांद्र्याच्या खडकांवर गरवायला जाणं बंद होतं आणि हौशी मंडळी घरी गळाचा रॉड बांधायला घेतात, म्हणजे कोऱ्या दांड्यावर (ब्लँकवर) गळाची दोरी ओवायच्या कड्या (गाइड) दोऱ्याने गुंडाळून बसवतात आणि त्या दोऱ्यावर संरक्षक थर, म्हणजे फिनिश, चढवतात. मोकळा वेळ मिळतो तो याच दिवसांत, आणि फिनिशसाठी सगळ्यात वाईट दिवसही हेच. हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर. गाइड सरळ बसलेत, दोऱ्याचे वेढे एकाला एक चिकटून आलेत, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर वर पांढुरकी साय, नाहीतर बोट टेकवलं की चिकट. मग बाटलीवरच्या ब्रँडला दोष देऊन दुसरी बाटली मागवली जाते. माझ्या मते आधी प्रकार ठरवावा, ब्रँड नंतर. कारण प्रत्येक प्रकार आपल्या हवेत वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो.

जाड इपॉक्सी, म्हणजे दुकानदार ज्याला ‘हाय बिल्ड’ म्हणतात ते, दिसायला सगळ्यात देखणं. एक-दोन हातांत दोरा पूर्ण बुडतो आणि वर काचेसारखा थर येतो. पण ते घट्ट असल्याने आत अडकलेले बुडबुडे सहज वर येत नाहीत. जरा जास्त लागलं तर गुंडाळलेल्या दोऱ्याचा पट्टा मधे फुगतो आणि टोकांना पातळ राहतो. रॉड चार-पाच तास सतत फिरता ठेवावा लागतो, म्हणजे मोटर हवीच. मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांची मोटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते आणि ती या कामाला पुरते. खारफुटीच्या मुळांतून जिताडा ओढून काढायच्या दणकट रॉडला हा थर शोभतो. हलक्या रॉडच्या शेंड्याला मात्र तेवढं वजनही जाणवतं. शिवाय थर जितका जाड, तितक्या गाइडच्या पायाशी, म्हणजे दोऱ्याखाली दबलेल्या पट्टीशी, केसासारख्या भेगा लवकर दिसतात, कारण ब्लँक वाकतो आणि पाय वाकत नाही.

पातळ इपॉक्सीला दोन-तीन हात द्यावे लागतात. सगळा तोटा एवढाच. ते दोऱ्यात मुरतं, हवेला बाहेर यायला वाट देतं, आणि पहिल्या हातात काही बिघडलंच तर दुसऱ्याआधी घासून सुधारता येतं. पहिलाच रॉड बांधणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सुचवेन.

तिसरा पर्याय हवेतल्या ओलाव्यावर सुकणाऱ्या युरेथेनचा. यात काही मोजायचं नाही, मिसळायचं नाही. ब्रशने पातळ हात द्यायचा आणि सुकला की पुढचा. इपॉक्सी उन्हात हळूहळू पिवळं पडतं, हे त्यापेक्षा खूप टिकतं, आणि वजन जवळजवळ नाहीच. पण दोऱ्याचे वेढे झाकायला चार-पाच हात तरी लागतात आणि तरीही काचेसारखा थर येत नाही. आपल्याकडच्या ओलाव्यात ते झटपट सुकतं हे खरं, पण हात जाड दिला तर सुकताना आत कार्बन डायऑक्साइड तयार होऊन बारीक फोड उठतात. उघडलेली बाटलीही त्याच ओलाव्याने आतल्या आत गोठते, म्हणून लहान बाटली घ्यावी. वाफ छातीला वाईट. खिडक्या उघड्या ठेवून, सॉल्व्हंटची वाफ अडवणारा मास्क लावून काम करा आणि जवळपास ज्योत अजिबात नको.

रेझिन आर्टचं रेझिन स्वस्तात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं, म्हणून बरेच जण तेच लावतात. लावू नका. ते साच्यात ओतण्यासाठी बनवलेलं असतं. फिरत्या रॉडवर ओघळतं, आणि रॉड वाकला की सोबत वाकायची त्याची तयारी नसते. झटपट सुकणाऱ्या अ‍ॅराल्डाइटचं काम टिप-टॉप, म्हणजे रॉडच्या शेंड्यावरची कडी, चिकटवण्यापुरतं. दोऱ्यावर त्याला पसरायला वेळच मिळत नाही.

आता बिघाडांकडे. चिकटपणाचं खापर बहुतेक जण पावसावर फोडतात, पण इपॉक्सी सुकतच नसेल तर दोष बहुधा मापात किंवा ढवळण्यात असतो. रॉडच्या इपॉक्सीत रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर साधारणपणे आकारमानाने एकास एक घ्यायचे असतात. काट्यावर वजन करून घेऊ नका, कारण रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. तीन-तीन मिलीपेक्षा कमी घेतलं तर दोन थेंबांचा फरकही भोवतो. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर उलट ते कायमचं मऊ राहतं. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत, आणि मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर पसरा. बुडबुडे तिथेच निघून जातात आणि कामाला वेळही जास्त मिळतो. थर थोडाच चिकट राहिला असेल तर त्यावर नीट मोजलेला नवा हात दिला की बहुतेक वेळा काम भागतं.

पांढुरकी, तेलकट साय मात्र खरोखर पावसाळ्याची. हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर येतं. त्यावर थिनर फिरवू नका. ती पाण्यात विरघळते. कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ फडकं, मग पूर्ण कोरडं करून स्कॉच-ब्राइटने हलकं घासायचं आणि पुढचा हात द्यायचा. साय तशीच ठेवून वर दुसरा हात दिला तर तो धरत नाही.

फिनिश एखाद्या जागेवरून गोल मागे सरकून खड्डा पडतो, त्याचं मूळ सिलिकॉन किंवा तेलात असतं. मेडिकलच्या दुकानातल्या सिरिंजच्या आत, रबरी दट्ट्याला सिलिकॉन लावलेलं असतं आणि आपण त्याच सिरिंजने इपॉक्सी मोजतो. मापाचे छोटे कप किंवा सिलिकॉन नसलेली सिरिंज वापरा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोरा पुसल्यावर त्याला बोट लावू नका. खड्डे पडलेच तर ओल्यावर आणखी ओतत बसण्यापेक्षा पूर्ण सुकू द्या, घासा, पुसा आणि मगच पुढचा हात द्या.

आणि एकाच जागेतून पुन्हा पुन्हा बुडबुडा येत असेल, तर गाइडच्या पायाशेजारची पोकळी बघा. दोरा तिथे ब्लँकला टेकत नाही आणि खाली हवेचा बोगदा राहतो. टोकाकडून आधी तो बोगदा इपॉक्सीने भरा, मग वरून हात द्या. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झरकन नेली तर वरचे बुडबुडे फुटतात, पण एका जागी धरली तर नायलॉन करपतो.

पावसातच काम करायचं असेल तर एसीच्या खोलीत ‘ड्राय’ मोडवर, २५ अंशांच्या आसपास. रॉड तिथे आदल्या रात्रीच ठेवा आणि इपॉक्सी कडक होईपर्यंत बाहेर आणू नका. गार झालेला ब्लँक दमट गॅलरीत आणला की त्यावर दव धरतं, डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक. नवीन बाटली असेल तर आधी जुन्या ब्लँकच्या तुकड्यावर त्याच दोऱ्याचे चार वेढे घालून बघा. साधा नायलॉन इपॉक्सी पिऊन गडद होतो, लाल असेल तर मरून दिसतो. रंग तसाच हवा असेल तर त्यासाठी वेगळा प्रक्रिया केलेला दोरा मिळतो, तो गुंडाळण्याआधीच निवडावा लागतो.