थारला घरीच स्नॉर्केल: पीव्हीसी की एसएस (स्टेनलेस स्टील) पाइप?

स्नॉर्केल म्हणजे महिंद्रा थार खोल पाण्यातून नेताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून लावायचा उंच पाइप. पीव्हीसी स्वस्त, एल्बो (वळणाचा जोड), सोल्व्हंट (चिकटवायचं द्रव) सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतं, करवतीने कापलं की झालं. पण बॉनेटखाली गरमी असते आणि 80 डिग्रीच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतो, जॉइंट सुटला की पाणी एअर फिल्टरमधून थेट सिलिंडरमध्ये, आणि पाणी काय हवेसारखं दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, बसा बोंबलत. एसएसला फॅब्रिकेटर शोधा, वेल्डिंगचा खर्च, वजन पण जास्त, तरी मी तोच घेईन. फक्त व्यास मूळ इनटेकपेक्षा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीपेक्षा) कमी नको, इंजिनाचा दम कोंडतो. आणि हो, पाइप कुठलाही लावा, डिफरेन्शियलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचे) ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळ्या, वर घ्यावेच लागतात, नाहीतर त्यातून पाणी आत शिरतं, ते लोक हमखास विसरतात.