मिलिंग सेंटरने डिस्क बदलली, ती पकडायची कशी

डेंटल लॅबच्या डिझाइनवरून मशीनने कृत्रिम दात कोरून देणारं ते मिलिंग सेंटर. त्याची ऑफर अशी: ट्रायलची युनिटं (एक युनिट म्हणजे एक दात) निम्म्या दरात, लॅबच्या दारातून पिकअप, नावाजलेल्या कंपनीची मल्टिलेअर झिरकोनिया डिस्क (दात ज्यातून कोरतात ती थरांची सिरॅमिक चकती), प्रत्येक केससोबत वॉरंटी कार्ड. ट्रायल पसंत पडली की शंभर युनिटचं पॅकेज, दर कमी, पैसे मात्र आगाऊ. मुंबईतल्या एका मिलिंग सेंटरने आमच्या लॅबला असं बांधून घेतलं आणि पैसे जमा झाल्यावर हळूहळू माल बदलला. सेंटरचं नाव इथे देत नाही. पद्धत सविस्तर देतो, कारण ती उद्या दुसऱ्या पाटीखाली तशीच चालवता येते.

ट्रायलच्या केसेस खरोखर चांगल्या होत्या, हे आधी सांगायला हवं. ट्रायलला अस्सल डिस्क, नवे बर (कोरायची बारीक हत्यारं) आणि रात्रभराचं सिंटरिंग (भट्टीत भाजणं) मिळतं. म्हणून ट्रायलवरून सेंटर निवडू नका. ट्रायलमध्ये सेंटरला काय जमतं एवढंच कळतं, रोज ते काय पाठवणार हे कळत नाही.

पॅकेजनंतर पहिला फरक फिटिंगमध्ये दिसला. सिंगल क्राउन (एका दातावरची टोपी) किंचित सैल येऊ लागले. सैल क्राउनबद्दल डॉक्टर सहसा बोलत नाहीत, सिमेंट भरून बसवून टाकतात. पण त्याच बॅचमधले तीन युनिटचे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारावर बसणारे जोडलेले दात) मॉडेलवर डोलत होते. सेंटरचं उत्तर ठरलेलं: "तुमचा स्कॅन चुकलाय." हे उत्तर ऐकून बऱ्याच लॅब गप्प बसतात, म्हणून आधी त्याचाच निकाल लावू.

झिरकोनिया कच्च्या अवस्थेत मोठा कोरतात आणि भट्टीत तो आकसतो. किती मोठा कोरायचा याचा आकडा, म्हणजे फॅक्टर, प्रत्येक लॉटच्या डिस्कवर छापलेला असतो. तो साधारण १.२२ ते १.२६ च्या दरम्यान असतो आणि लॉटनुसार बदलतो. सेंटरने आत स्वस्त डिस्क लावली आणि मशीन चालवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये जुन्या ब्रँडेड डिस्कचाच फॅक्टर ठेवला, तर काय होतं ते पाहा. डिस्कला हवा १.२२५ आणि मशीनला दिला १.२४५, तर सगळं काम १.६ टक्के मोठं येतं. दहा मिलिमीटरच्या क्राउनला हा फरक ०.१६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.०८. डिझाइनमध्ये ०.०५ ची सिमेंट गॅप ठेवली असेल तर ती ०.१३ होते. क्राउन सैल लागतो, पण बसतो. ४५ ते ४७ क्रमांकाच्या (खाली उजवीकडच्या) दातांच्या ब्रिजमध्ये दोन खांबांच्या मध्यांतलं अंतर सुमारे २० मिलिमीटर. तिथे चूक ०.३३ मिलिमीटरपर्यंत जाते आणि ब्रिज एका बाजूला उचलला जातो. सिंगल सैल आणि ब्रिज डोलतोय, असं एकाच बॅचमध्ये दिसलं की आधी फॅक्टरवर संशय घ्या.

स्कॅनचा वाद एका दिवसात मिटवता येतो. तीच एसटीएल (थ्रीडी डिझाइनची) फाइल पीएमएमए (अॅक्रिलिक प्लास्टिक) डिस्कमध्ये मिल करून घ्या, शक्यतो दुसऱ्या सेंटरकडून. पीएमएमए भट्टीत जात नाही, आकसत नाही. तो ब्रिज मॉडेलवर नीट बसला तर स्कॅन आणि डिझाइन बरोबर आहे. दोष झिरकोनियाच्या फॅक्टरमध्ये, भट्टीत किंवा पहिल्या सेंटरच्या मशीनमध्ये आहे. पीएमएमएसुद्धा डोलला तर स्कॅनरचं कॅलिब्रेशन आपण तपासायचं.

फिटिंगपेक्षा गंभीर गोष्ट पुढची. मागच्या दाढांच्या ब्रिजमधला कनेक्टर (दोन युनिटं जोडणारा भाग) तुटला, पाँटिकच्या (खाली दात नसलेल्या मधल्या युनिटच्या) मागच्या बाजूला, तोंडात. झिरकोनिया हा एकच पदार्थ नाही. तीन मोल टक्के यिट्रिया (झिरकोनियात मिसळलेलं ऑक्साइड) असलेल्या प्रकाराची वाकताना तुटण्याची ताकद साधारण १००० ते १२०० मेगापास्कल असते. पाच मोल टक्केवाला, जास्त पारदर्शक प्रकार साधारण ५०० ते ७०० मध्ये राहतो. आयएसओ ६८७२ या मानकात दाढेचा समावेश असलेल्या तीन युनिटच्या ब्रिजसाठी किमान ५०० आणि चार किंवा जास्त युनिटसाठी किमान ८०० मेगापास्कल लागतात. म्हणजे चार युनिटचा ब्रिज पाच मोलच्या डिस्कमध्ये कोरला तर तो तिथेच नापास. तीन युनिटचाही, कनेक्टर नऊ चौरस मिलिमीटरचा धरून मजबूत डिस्कसाठी काढलेला, स्वस्त पारदर्शक डिस्कमध्ये गेला आणि वर सिंटरिंग अपुरं झालं, तर तो फार काळ टिकत नाही. पॉलिश, ग्लेझ केल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. या फसवणुकीचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

अस्सल डिस्क वापरूनही गफलत करता येते. ताकद बदलत जाणाऱ्या मल्टिलेअर डिस्कमध्ये खालचा भाग मजबूत आणि वरचा पारदर्शक असतो. ब्रिजचे कनेक्टर खालच्या थरात यायला हवेत. डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी सेंटर काम वर सरकवतं किंवा तिरपं झोपवतं. वर सरकलेल्या ब्रिजचे कनेक्टर अशक्त थरात जातात, शेडही फिकट येते. नऊ मिलिमीटर उंचीचा क्राउन कच्च्या अवस्थेत सव्वाअकरा मिलिमीटर होतो. १४ मिलिमीटर जाडीच्या डिस्कमध्ये त्याला वर-खाली फारशी जागा उरत नाही, २२ च्या डिस्कमध्ये तो कुठेही ठेवता येतो. म्हणून नेस्टिंगचा (काम डिस्कमध्ये कुठे ठेवलं त्याचा) बाजूने काढलेला स्क्रीनशॉट मागा. वरून काढलेल्यात थर कळत नाहीत.

आता भट्टी. नेहमीचं सिंटरिंग प्रकारानुसार १४५० ते १५५० अंशांना, कमाल तापमानावर साधारण दोन तास, गरम-थंड धरून आठ-दहा तास चालतं. सकाळी अकराला दादरहून केस उचलली आणि संध्याकाळी सातला ग्लेझ करून हातात दिली, तर ती स्पीड सायकलवर भाजलेली आहे, दुसरं काही शक्यच नाही. स्पीड सायकल वाईट असं नाही. डिस्कच्या कंपनीने त्या मालाला आणि तेवढ्या युनिटला परवानगी दिली असेल तर ती ठीक. पण बहुतेक ठिकाणी ती सिंगल आणि लहान कामापुरती असते, आणि सेंटर मात्र सहा युनिटचा ब्रिजही त्यातच ढकलतं. तातडीच्या डिलिव्हरीची जाहिरात पाहून हुरळू नका, तासांचा हिशेब करा. वसई-विरार, अंबरनाथ या भागातल्या सेंटरला आणखी एक प्रश्न विचारा: सायकल चालू असताना वीज गेली तर भट्टीला बॅकअप आहे का, आणि नसेल तर त्या बॅचचं काय करता? "परत भाजतो" हे उत्तर आलं तर काम तिथे देऊ नका.

अर्धवट भाजलेला झिरकोनिया ओळखायची साधी युक्ती शाईची. ग्लेझ न केलेल्या भागावर, क्राउनच्या आतल्या बाजूला चालेल, फाउंटन पेनच्या निळ्या शाईचा थेंब टाका, पाच मिनिटांनी धुवा आणि वाफेने साफ करा. पूर्ण सिंटर झालेल्या मालावर डाग राहत नाही. डाग आत उतरला तर छिद्रं उघडी आहेत. ही चाचणी मोठा दोषच पकडते. शाई निघून गेली म्हणजे माल उत्तम, असा अर्थ काढू नका.

खरा पुरावा साक्षीपट्टीतून मिळतो. कॅडमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) २० × ४ × ३ मिलिमीटरची एक पट्टी काढा आणि ती ब्रिजच्या जिभेकडच्या बाजूला दोन बारीक जोडांनी जोडून एकच फाइल पाठवा. लांब ब्रिज भट्टीत वाकू नये म्हणून असा आधार एरवीही ठेवतात. सुटी पट्टी पाठवली तर सेंटर ती चांगल्या डिस्कमध्ये आणि ब्रिज हलक्या डिस्कमध्ये कोरू शकतं. जोडलेली असली की दोन्हींची डिस्क एक, फॅक्टर एक, भट्टी एक. पट्टीचे वेगळ्या युनिटएवढे पैसे द्या आणि ती तोडू नका असं ऑर्डरवर लिहा. काम आल्यावर पाण्याखाली डायमंड बरने पट्टी कापून घ्या.

आधी डिजिटल व्हर्नियरने लांबी मोजा. २०.०० च्या जागी २०.३० भरली तर फॅक्टर चुकलाय किंवा सिंटरिंग अपुरं झालंय; पुढे घनता बरोबर आली तर दोष फॅक्टरचाच. मग वजन. मिलिग्रॅमचा काटा घ्या, सोनाराकडे असतो तसा. पट्टी हवेत तोला, मग बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. हवेतलं वजन भागिले दोन वजनांतला फरक, ही घनता. हवेत १.४५२ ग्रॅम आणि पाण्यात १.२१२ असेल तर फरक ०.२४० आणि घनता ६.०५. चांगल्या झिरकोनियाची घनता ६.०५ च्या आसपास असते. ५.७ आली तर तो माल तोंडात जाता कामा नये. घनतेवरून तीन मोल की पाच मोल हे मात्र कळत नाही. त्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी घटक ओळखायची चाचणी) करा. वजनाने यिट्रिया सुमारे पाच टक्के निघाला तर तीन मोल, नऊच्या आसपास निघाला तर पाच मोल. पट्टी तुटत नाही, अहवाल हातात राहतो आणि तक्रारीत तोच कामी येतो.

धातूच्या कोपिंगमध्येही (क्राउनच्या आतल्या टोपीत) हाच खेळ असतो: कोबाल्ट-क्रोमच्या दरात निकेल-क्रोम. निकेलची अॅलर्जी असलेल्या रुग्णाला त्याचा थेट त्रास होतो. डायमिथिलग्लायॉक्झिमचं निकेल तपासणी किट मिळतं. कापूस घासल्यावर गुलाबी झाला तर निकेल आहे. गुलाबी झाला नाही तरी निश्चिंत होऊ नका, कारण क्रोमचा थर निकेलला झाकू शकतो. झवेरी बाजारात सोनं तपासायची एक्सआरएफ यंत्रं आहेत. त्यांवर निकेल, कोबाल्ट, क्रोमचा ढोबळ अंदाज मिळतो. भांडायला मात्र प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो.

दराचा हिशेब आधीच केला तर संशय लवकर येतो. ९८ मिलिमीटरच्या डिस्कमधून साधारण २० ते २५ सिंगल क्राउन निघतात. समजा सांगितलेल्या ब्रँडची डिस्क अकरा हजारांची आहे. २२ युनिट धरले तर नुसत्या मालाचे युनिटमागे ५०० झाले. बर, वीज, पगार, पिकअप अजून बाकी. कोणी तोच ब्रँड ४५० ला देत असेल तर तो आपल्या खिशातून देत नाहीये. ब्रँडच्या वितरकाला फोन करून डिस्कचा भाव विचारा, आणि हे सेंटर त्यांच्याकडून माल घेतं का तेही विचारा.

सेंटर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काम सुरू करू नका. गेल्यावर शोरूममधल्या मशीनकडे बघत बसू नका. कॅममधली टूल लाइफची खिडकी उघडायला सांगा: कोणता बर किती वेळ चालला ते तिथे दिसतं. झिजलेल्या बरने मार्जिन (क्राउनची कड) चिरफळतं, आणि ०.६ चा बारीक बर वगळला तर दाताच्या टोकाकडे आतून जास्त कोरलं जातं. भट्टीत शेवटची पीटीसी रिंग कधी ठेवली होती ते विचारा. ही सिरॅमिकची रिंग भट्टीतल्या खऱ्या तापमानानुसार आकसते, मायक्रोमीटरने मोजतात. ज्याच्याकडे रिंगच नाही, त्याला स्वतःच्या भट्टीचं तापमान माहीत नाही. धातू आणि झिरकोनिया एकाच मशीनवर कोरतात का तेही पाहा. धातूची पूड कच्च्या झिरकोनियात बसली की भाजल्यावर काळे ठिपके येतात.

कागदावर काय हवं? प्रत्येक बिलावर डिस्कचं नाव, प्रकार आणि लॉट नंबर. स्प्रू (काम डिस्कला धरून ठेवणारे जोड) कापण्याआधीचा डिस्कचा फोटो, त्यात छापील लॉट आणि फॅक्टर, बाजूला तुमचा केस नंबर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. वॉरंटी कार्डाचा नंबर कंपनीकडे थेट पडताळा, कार्डावर छापलेल्या फोनवर नको. डिस्कच्या खोक्यावर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का ते बघा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली, वर्ग अ मधली काही साधी उपकरणं सोडली तर, वर्ग अ आणि ब च्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून परवाना बंधनकारक आहे. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाका, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पॅकेजचे पैसे आगाऊ देऊ नका. आठवड्याचं बिल आठवड्याला, एवढंच. रुग्णाचं नाव फाइलवर टाकू नका, केस नंबर पुरे.

तुटलेला ब्रिज "पाठवून द्या, तपासून सांगतो" असं सेंटर म्हणेल. देऊ नका. तुकडा, बिल, फोटो, चॅट सगळं एका पाकिटात, केस नंबर घालून ठेवा. लेखी नोटीस आधी पाठवा. ठकवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, ऑनलाइन पैसे घेऊन सेंटरच गायब झालं असेल तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा. ग्राहक आयोगात धंद्यासाठीची खरेदी सहसा बसत नाही. एकट्याने स्वतःच्या उपजीविकेसाठी लॅब चालवणाऱ्याला कायद्यात अपवाद आहे, मुदत दोन वर्षांची. वकिलाला विचारून पाऊल टाका.

आणि जे काम आधीच तोंडात गेलंय ते विसरू नका. संशय पक्का झाला की त्या काळातल्या सगळ्या केस नंबरांची यादी काढा आणि संबंधित डॉक्टरांना लेखी कळवा. आधी मागच्या दाढांचे पाँटिकवाले ब्रिज, त्यातही चार किंवा जास्त युनिटचे. मग तीन युनिटचे. सिंगल क्राउन शेवटी, त्यांत सैल आलेले आधी, कारण सिमेंट झिजून आत कीड लागण्याचा धोका त्यांना जास्त. डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो, पण ब्रिज चावताना तुटायच्या आधी रुग्णाला बोलावणं त्यांच्याच हातात आहे.