दिवाळीला कुणाच्या नावाने दान करून त्याचं कार्ड भेट देणार असाल तर आधी हे वाचा

नवरात्र संपत आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरायला लागतात, यंदा सुकामेवा नको, एका अनाथ मुलाची दिवाळी भेट द्या. छान कार्ड असतं, मुलाचा फोटो असतो, खाली तुमच्या नातेवाइकाचं नाव आणि पैसे भरायला क्यूआर कोड. कल्पना खरंच चांगली आहे आणि मनापासून असं काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत, म्हणूनच तर त्यांच्या पुण्याईवर पैसे उकळणारे लोक तयार झालेत. गेल्या दिवाळीत आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतल्या आणि भिशीतल्या बऱ्याच जणींचे पैसे असे गेले, माझेही गेले, सगळ्यांचे मिळून लाखाच्या वर. तक्रार दिलेली आहे आणि तपास चालू आहे त्यामुळे नाव लिहीत नाही, पण पद्धत अख्खी लिहिते, कारण नाव बदलून हीच माणसं यंदा परत येणार याची मला खात्री आहे.

भिशीतच विषय निघाला होता, की दर दिवाळीला तेच काजूकतलीचे आणि बदामाचे डबे या घरातून त्या घरात जातात, ज्यांच्याकडे शुगर आहे ते तर उघडतही नाहीत, त्यापेक्षा त्या पैशात कुणाचं तरी भलं होऊ दे. तेव्हा एकीने तिला आलेला मेसेज ग्रुपवर टाकला. एका मुलाची दिवाळी 1,500 रुपये, आणि त्याचा हिशोब इतका व्यवस्थित लिहिलेला की बघूनच बरं वाटावं, कपडे 650, फराळ 350, उटणं-तेल-साबण 100, दप्तर 400. खाली शासकीय नोंदणी क्रमांक, ऐंशी-जी म्हणजे देणगीवर मिळणारी करसवलत, सगळं. मी फोन केला तर एक बाई अगदी गोड आवाजात बोलल्या, ताई मुलगा हवाय का मुलगी, वय किती, शर्टाचा रंग तुम्हीच सांगा ना, म्हणजे ज्यांना कार्ड देणार त्यांना आवडेल. आता कुणी एवढं विचारतंय म्हटल्यावर समोर खरंच एक पोर उभं आहे असंच आपल्या डोळ्यासमोर येतं. मी माझ्या आत्यासाठी, नणंदेसाठी, मिस्टरांच्या ऑफिसमधल्या काही जणांसाठी अशी मिळून 12,000 ची कार्डं घेतली.

पैसे पाठवताना त्या म्हणाल्या की ऑडिट चालू असल्यामुळे संस्थेचं खातं सध्या थांबवलंय, आमच्या खजिनदारांच्या नंबरवर जीपे करा, पावती संस्थेचीच मिळेल. नंबर टाकल्यावर स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं. ही नावाची गोष्ट नीट लक्षात ठेवा म्हणून सांगते, यूपीआयवर जे नाव दिसतं ते बँकेतल्या खात्याचं नाव असतं, आणि संस्थेला दिलेले पैसे संस्थेच्याच नावाच्या खात्यात जायला पाहिजेत. खजिनदार, सचिव, मॅनेजर, कुणाच्याही खाजगी खात्यावर दान मागितलं की तिथेच थांबायचं, कारण काहीही सांगोत.

कार्डं मात्र वेळेत आली, जाड कागद, झेंडूच्या तोरणाची किनार, आतमध्ये मुलाचा फोटो आणि "तुमच्यामुळे माझी दिवाळी उजळली" असं लहान मुलाच्या अक्षरात लिहिलेलं.

खरा प्रकार बाहेर आला तो आत्यामुळे. आत्या संगमनेरला असते, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली, आयुष्यभर पोरांमध्येच गेलेली बाई. तिने ते कार्ड देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं आणि रोज त्यावरच्या पोराला, साहिलला, उदंड आयुष्य मागायची. तुळशीचं लग्न झालं तशी थंडी वाढली, म्हणून तिने त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला आणि मला फोन केला, अगं साहिलच्या खांद्याचं माप विचार ना तिथे, आणि कुठल्या पत्त्यावर पाठवू ते पण विचार. मी त्या बाईंना फोन लावला तर उचलत नाहीत, मेसेज वाचून उत्तर नाही. मग नणंदेला म्हटलं तुझ्या कार्डावर पत्ता आहे का बघ, तिने फोटो काढून पाठवला, आणि तिच्या कार्डावर तोच मुलगा. पिवळा टीशर्ट, मागे निळं दार, उजव्या भुवईवर बारीकशी खूण, सगळं तेच, फक्त नाव ओंकार आणि वय दोन वर्षांनी जास्त. भिशीच्या ग्रुपवर सगळ्यांना आपापल्या कार्डाचे फोटो टाकायला सांगितले तर मोजून चार-पाच मुलांचे फोटो सगळीकडे फिरवलेले, दर कार्डावर नाव वेगळं.

आमच्या ओळखीतल्या सीएंना पावती दाखवली. त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल तर पॅन नंबर. पॅनमधलं चौथं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा आहे, पी म्हणजे एखाद्या व्यक्तीचा, टी म्हणजे ट्रस्टचा, सी म्हणजे कंपनीचा. पावतीवर चौथं अक्षर पी. म्हणजे "संस्था" म्हणून छापलेला पॅन कुण्या एका माणसाचा होता. मग तो मोठ्या अक्षरातला "शासकीय नोंदणी क्रमांक" बघितला, त्याची सुरुवातच उद्यम या शब्दाने होत होती. उद्यम नोंदणी ही छोट्या धंद्यांसाठी असते, आधार-पॅनवर घरबसल्या फुकट करता येते, पापड विकणारा पण करतो आणि त्यात काही चूक नाही, पण तिचा धर्मादाय कामाशी काडीचा संबंध नाही. लोकांना शासकीय हा शब्द दिसला की पुढचं कुणी वाचत नाही, हे त्यांना बरोबर माहितीये.

ऐंशी-जीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते पण लिहून ठेवते कारण आमच्यातल्या कितीतरी जणींना हे माहिती नव्हतं. आता नुसत्या पावतीवर वजावट मिळत नाही, संस्थेने आयकर खात्याला देणग्यांची यादी द्यावी लागते आणि त्यावरून तुम्हाला 10 बीई नावाचं सर्टिफिकेट येतं, आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मे पर्यंत. 2,000 च्या वर रोख दिलं तर ऐंशी-जी लागू होत नाही, वस्तू दिल्या तर नाही, आणि नव्या करपद्धतीत असाल तर ही वजावटच नाही. त्यामुळे कुणी "अर्धे पैसे टॅक्समध्ये परत" असं सरसकट सांगत असेल तर ती व्यक्ती एकतर अर्धवट माहितीवर बोलतेय किंवा गंडवतेय.

पावतीवर बदलापूरच्या पुढचा पत्ता होता, तिकडे आम्ही काही जणी गेलो. त्या नावाचं तिथे काही नाही. पण त्याच भागात एक खरंखुरं बालगृह निघालं, नाव थोडंफार सारखं, आणि तिथल्या अधीक्षिका मॅडमना आम्ही कार्ड दाखवल्यावर त्यांचा चेहराच उतरला. आमच्या आधी अजून काही लोक विचारत आले होते. त्या म्हणाल्या, यातलं एकही मूल आमच्याकडचं नाही, आणि असतं तरी आम्ही असा फोटो कधीच दिला नसता. बाल न्याय कायदा 2015 मध्ये कलम 74 आहे, संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा, काहीच प्रसिद्ध करता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. एवढी साधी गोष्ट आणि आपण सगळे त्या फोटोलाच पुरावा समजतो! जिथे अनाथ मुलाचा चेहरा आणि नाव छापून पैसे मागतात तिथे एकतर कायदा मोडला जातोय किंवा मूल तरी त्यांच्याकडचं नाही.

मॅडमकडे आम्ही बराच वेळ बसलो. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्याकडे एवढी मिठाई येते की पोरांची पोटं बिघडतात, आणि गंमत म्हणजे सुट्टीत बरीच मुलं मामाकडे नाहीतर आजीकडे गेलेली असतात कारण बालगृहातलं प्रत्येक मूल अनाथ असतंच असं नाही, एकटी आई असते, घरची परिस्थिती नसते. मग जूनमध्ये वह्या-दप्तरं-रेनकोट लागतात तेव्हा कुणी फिरकत नाही. अंगाचा साबण, खोबरेल तेल, मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड, लाइटचं बिल, याची पावती फाडायला लोकांना फारसं आवडत नाही कारण त्याचा फोटो छान येत नाही. त्या हे कुठलीही तक्रार न करता सांगत होत्या.

मी या सगळ्यावर खूप विचार केलाय आणि मला वाटतं ही फसवणूक एवढी सोपी का झाली ते इथेच आहे. मी आत्याला साडी दिली असती तर तिने ती उलगडून बघितली असती, काठ खराब असता तर दोघींना कळलं असतं. इथे देणारी मी, मला फक्त कार्ड दिसतं. घेणारी आत्या, तिलाही फक्त कार्ड, आणि भेट म्हणून आलेल्या गोष्टीचं बिल कोण मागतं, ते तर आपल्याकडे वाईटच दिसतं. आणि ज्या पोराच्या नावाने हे सगळं चाललंय त्याला पत्ताच नाही. तिघांपैकी एकाच्याही हातात खरी वस्तू येत नाही, म्हणून कुणी ओरडतच नाही. आमच्या ग्रुपमध्ये आत्यासारखी कुणी स्वेटर विणायला बसली नसती तर आजही सगळ्या जणी समाधानात असत्या, आणि माझी खात्री आहे की अशा कितीतरी घरांत ती कार्डं आजही जपून ठेवलेली आहेत.

तेव्हा यंदा कुणाच्या नावाने दान करणार असाल तर जरूर करा पण आधी संस्था कुठे नोंदलेली आहे ते विचारा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते, 1950 च्या कायद्याखाली, नंबर ई किंवा एफ अशा अक्षराने सुरू होतो आणि पुढे जिल्हा असतो, आयुक्तालयाच्या वेबसाइटवर शोधता येतो. काही संस्था कलम 8 च्या, म्हणजे नफा वाटून न घेणाऱ्या, कंपन्या असतात, त्या कंपनी खात्याकडे सापडतात. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर पण बऱ्याच संस्थांची माहिती असते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे फोन करून म्हणा की आम्ही भेटायला येतो. खरी संस्था म्हणेल या, रविवारी या, आधी कळवा, मुलांच्या परीक्षा आहेत तर पुढच्या आठवड्यात या. आम्हाला त्या बाई दरवेळी म्हणायच्या की मुलांना इन्फेक्शन होतं म्हणून भेट बंद ठेवलीये.

वस्तू विकत घेऊन द्यायच्या असतील तरी डोळे उघडे ठेवा. आमच्याच सोसायटीत एक जण "विशेष मुलांनी रंगवलेल्या पणत्या" म्हणून टेबल लावून बसला होता, त्याच डिझाइनच्या पणत्या आमच्या शेजारणीला धारावीच्या कुंभारवाड्यात डझनाच्या भावात दिसल्या. त्यापेक्षा जिथे बनवणारा माणूस समोर असतो तिथून घ्या ना. वरोऱ्याच्या आनंदवनात बनवलेली भेटकार्डं आणि वस्तू आहेत, येरवडा कारागृहात दिवाळीला बंद्यांनी केलेल्या वस्तूंची विक्री असते, बचत गटांच्या महालक्ष्मी सरसमध्ये ज्या ताईने चटणी कुटली तीच ती विकायला उभी असते. असं काही आत्याला दिलं तर ती त्याचं माप पण विचारू शकते आणि चव पण.

आमच्या ग्रुपमध्ये आता काही जणी म्हणतात की दानाचं नावच नको, परत काजूकतली. मला याचं पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं, कारण 12,000 गेले ते गेले, पण त्या भामट्यांमुळे ते बदलापूरकडचं बालगृह आमच्या पन्नास घरांना मुकलं. मी आणि तीन-चार जणी जूनमध्ये तिथे रेनकोट आणि वह्या देऊन आलो, पावती संस्थेच्या नावाची, चेक संस्थेच्या नावाचा. आत्याने तो स्वेटर पण तिकडेच पाठवला, मॅडमनी सांगितलेल्या मापाप्रमाणे बाह्या उसवून परत विणून. कुणाला मिळाला हे त्यांनी सांगितलं नाही आणि आत्यानेही विचारलं नाही.

तक्रारीचं सांगायचं तर पैसे जाऊन थोडेच तास झाले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढे जायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. आम्हाला कळेपर्यंत खूप उशीर झाला होता. तरी सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस स्टेशनला अर्ज दिला, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसलाही पत्र दिलं. कार्ड फेकू नका, पाकीट पण ठेवा, चॅट डिलीट करू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. पोलीस स्टेशनमधल्या साहेबांनी आम्हाला सांगितलं की एकाच नंबरवर वेगवेगळ्या ठिकाणच्या तक्रारी आल्या की त्या जोडता येतात, पण लोक 1,500 रुपयांसाठी कोण चकरा मारणार म्हणून येतच नाहीत. तुमच्याकडे पिवळ्या टीशर्टातल्या, निळ्या दारापुढच्या मुलाचं कार्ड असेल, नाव काहीही असू दे, तर रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, तक्रार नोंदवा.