काळा कोट तपकिरी, आणि दुकानदार म्हणे 'ताई, सेटिंग बघा'

दसऱ्याच्या तोंडावर नागपुरात टी-शर्ट छापणाऱ्या कुणालाही विचारा, काम कशाचं असतं. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली त्या दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि त्याआधीचे काही आठवडे आम्हाला जेवायला फुरसत नसते. बाबासाहेबांचा फोटो, निळं अशोकचक्र, पंचशील ध्वजाची पट्टी, सगळं पांढऱ्या पॉलिस्टरवर. नेमकी तेव्हाच शाई संपते आणि नेमके तेव्हाच स्वस्त शाईवाले भेटतात. म्हणून हे सीझनच्या आधी लिहून ठेवते आहे.

बर्डीवरच्या एका दुकानातून मी सबलिमेशन शाईच्या, म्हणजे आधी कागदावर छापून मग गरम प्रेसने कापडावर दाबून उतरवायच्या शाईच्या, चार बाटल्या घेतल्या. लेबल नेहमीच्याच कंपनीचं, सील शाबूत, भाव बराच कमी. दुकानदाराने समोर प्रिंट काढून दाखवली. "बघा ताई, काळा कसा उठून राहिला!" खरंच, काजळासारखा काळाभोर होता. आणि तिथेच पाणी मुरत होतं. सबलिमेशनची शाई कागदावर मुळात मळकट, फिकीच दिसते. दाबल्यावर ती वाफ होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते, तेव्हा कुठे रंग खुलतो. कागदावरच ज्याचं तेज डोळ्यात भरतं, त्या शाईची आधी खातरजमा करा.

घरी प्रेस केलं तर बाबासाहेबांचा काळा कोट तपकिरी, तोही मातकट. चक्राचा गडद निळा जांभळ्याकडे झुकलेला. ध्वजातला पिवळा, लाल, नारिंगी मात्र झकास. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, टेंपरेचर जास्त होऊन राहिलं. कमी केलं तर म्हणाला, आता प्रेशर कमी पडलं. मग कागदाला ओल लागली, दुसरं पाकीट घ्या. मग प्रोफाइल (शाईनुसार रंग जुळवणारी फाइल) चुकलं, ती व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिचे पैसे वेगळे.

गोम अशी की यातलं काहीच धादांत खोटं नाही. टी-शर्टला साधारण १९५ ते २०० अंश आणि मिनिटभर पुरतं; त्यापेक्षा तापवलं तर काळा खरोखर तपकिरी होतो. कमी तापलं तर रंग बसतच नाही. स्वस्त प्रेसच्या डिस्प्लेवर २०० दिसतं आणि कोपरा त्याहून कितीतरी थंड असतो, हेही खरं. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि ठिपके पडतात. प्रोफाइल त्या शाईचं नसेल तर निळा जांभळा येतो. एका बिघाडाची इतकी कारणं असली की खोटा माल विकणाऱ्याचं फावतं. तो एकेक कारण पुढे सरकवत राहतो आणि प्रत्येकासोबत आणखी काही विकतो.

मग सक्करदऱ्याचा एक ओळखीचा प्रिंटरवाला मदतीला आला. तीच डिझाइन त्याच्या शाईने छापून माझ्या प्रेसवर, माझ्याच टी-शर्टवर दाबली: काळा तो काळाच. माझ्या प्रिंटरवरचा कागद त्याच्या प्रेसवर नेला: तपकिरी. म्हणजे प्रेस सुटला, कापड सुटलं, टेंपरेचरही सुटलं.

शाईतलाच घोळ आहे हे नक्की करायला त्याने सांगितलेली युक्ती मला फार आवडली. प्रिंटरचा नोझल चेक (शाई नीट येते का हे पाहायचा चाचणीचा नमुना) सबलिमेशन पेपरवर काढायचा आणि तोच कागद पांढऱ्या पॉलिस्टरच्या तुकड्यावर दाबायचा. नोझल चेकमध्ये प्रत्येक शाई वेगळी, निव्वळ छापली जाते. निळसर, गुलाबी, पिवळ्या रेघा कापडावर स्वच्छ उतरल्या आणि कागदावरच्या फिक्या पडल्या. काळ्या रेघा कागदावर जशाच्या तशा, कापडावर जेमतेम सावली. काळ्या बाटलीत साधी प्रिंटरची शाई होती. ती वाफ होत नाही, त्यामुळे कोटात फक्त बाकी तिघांचं मिश्रण उतरत होतं, म्हणून तपकिरी. गडद निळ्यातलाही काळा गळाला होता. असल्या कोटाला जगातलं कुठलंही प्रोफाइल दुरुस्त करू शकत नाही.

ही परीक्षा शाई टाकीत ओतण्याआधीच करता येते. कापसाच्या इअरबडने प्रत्येक बाटलीतला एकेक ठिपका सबलिमेशन पेपरवर लावा, पूर्ण वाळू द्या आणि दाबा. ठिपका कापडावर गेला आणि कागदावर फिका पडला तर शाई पुढे न्यावी. एकदा खोटी शाई टाकीत गेली की प्रिंटरच्या नळ्या आणि शाई फवारणारं हेड धुवावे लागतात, त्यात चांगली शाईही वाया जाते.

बाटल्या पुन्हा नीट पाहिल्या. चारही रंगांवर बॅच नंबर एकच, महिना-वर्षाच्या जागी मार्करचा फराटा. पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बिलही लबाडीचं: नुसतं 'इंक, ४ नग', सबलिमेशन हा शब्दच नाही. बिलावर तो शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पैसे परत मागितले तर म्हणाला, "वापरलेला माल परत होत नाही, आणि तुमचा तर धंदा आहे, ग्राहक कोर्ट तुम्हाला नाही." हे दुसरं साफ चूक. स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी तिथे तक्रार नोंदवली. 'सबलिमेशन इंक' असं त्यानेच लिहिलेले व्हॉट्सॲप मेसेज, नोझल चेकचा दाबलेला कापडाचा तुकडा आणि अर्धी भरलेली काळी बाटली जपून ठेवली. बाटली मात्र फेकू नका, दुकानदार आधी तीच परत मागतो.

त्याने अखेर काळ्या बाटलीचे पैसे दिले, प्रोफाइलचेही दिले. बाकी तीन बाटल्यांतला माल खरा होता, त्यावर तो अडून बसला. खराब टी-शर्ट आणि हेड धुण्याचा खर्च माझ्याच माथी आला.