भाडेकरू शोधून देणाऱ्या एजंटाला तीन स्टार, त्यातला एक अंगठ्याच्या मशीनला

एजंटाचं नाव लिहीत नाही. पोरगा कष्टाळू आहे, त्याला धंदा करायचाय, आणि जे बिघडलं त्यातलं निम्मं माझ्या तोंडामुळं बिघडलं. पण लातुरात जूनमध्ये घर भाड्यानं देणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर सिग्नल कॅम्पात. खाली मी एकटी, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आजवर भाडेकरू ओळखीतूनच मिळत गेले, कुणाचा भाचा, कुणाची मेव्हणी. यंदा लेकानं पुण्याहून बजावलं, "आई, ओळखीचा भाडेकरू म्हणजे भाडं मागायची चोरी. एजंटाला दे." खरंच होतं ते. आधीच्या ओळखीच्यांनी चार महिन्यांचं भाडं 'पुढच्या महिन्यात देतो काकू' करत लांबवलं आणि जाताना गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा सोडून नेली.

बाहेरच्यांना कल्पना यायची नाही, पण दहावीचा निकाल लागला की आमच्याकडं ट्यूशन एरियात, म्हणजे शिकवणी वर्गांच्या भागात, पाय ठेवायला जागा नसते. नांदेड, परभणी, हिंगोली, बीडकडून लोक पोरं आणि गाद्या घेऊन उतरतात. अकरावी, बारावी आणि डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा, असा दोन वर्षांचा संसार मांडायचा. आई पोरीजवळ राहते, बाप गावाकडं शेत बघतो. त्या दिवसांत एका घरामागं पाच-सहा गिऱ्हाईकं सहज लागतात आणि घरमालक उगीचच स्वतःला मोठा समजायला लागतो. मीही लागले.

चार दिवसांत एजंटानं व्हॉट्सॲपवर सहा 'पार्ट्या' पाठवल्या. प्रत्येकीचा एक-एक कागद. नाव, गाव, माणसं किती, काम काय, भाडं किती देणार, व्हेज का नॉनव्हेज. लग्नाची स्थळं येतात तसंच, फक्त पत्रिका जोडलेली नव्हती. काम नीटनेटकं होतं. हा पहिला स्टार.

पण कागदांचा क्रम त्यानं लावला होता तो पैशाप्रमाणं. सगळ्यात वर चार पोरं. "मॅडम, तुम्ही नऊ सांगितले, हे बारा देतेत. प्रत्येकी तीन. सोडू नका." मी त्याला विचारलं, २०१६ ला तू कितवीत होतास? म्हणाला सातवीत, आणि उन्हाळाभर मामाच्या गावाला होता. मग त्याला कसं कळावं! त्या वर्षी मांजरा धरण आटलं, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर. तेव्हा माझ्याकडं वर पाच मुली होत्या. टँकरचे पैसे कुणी किती द्यायचे यावरून खाली-वर जी भांडणं झाली तशी मी चाळीस पोरांच्या वर्गातही पाहिली नव्हती. तेव्हापासून मी माणसं मोजत नाही, बादल्या मोजते. चार पोरं म्हणजे चार आंघोळी, चौघांची धुणी, शिवाय परीक्षा झाली की मुक्कामाला आलेले मित्र. वरचे तीन हजार टँकरवाल्यालाच गेले असते.

दुसरा कागद बँकेतल्या साहेबांचा. परभणीहून बदली, नवरा-बायको, एक लहान मूल. पगाराची चिठ्ठी जोडलेली. एजंट म्हणाला, "डोळे झाकून द्या." मी साहेबांकडं सध्याच्या घरमालकाचा नंबर मागितला. मालक एका दमात बोलले, "सोन्यासारखी माणसं आहेत हो! कधी येऊ दे म्हणता? उद्याच पाठवतो." एवढी घाई ऐकून मी त्याच्याही आधीच्या मालकाचा नंबर मागितला. सध्याचा मालक गोड बोलणारच, त्याला जागा मोकळी करून हवी असते. आधीच्याला आता काही घेणं-देणं नसतं. ते गृहस्थ म्हणाले, "भाडं वेळेवर देतील. लाइट बिल तेवढं बघून घ्या." साहेबांकडून महावितरणचं शेवटचं बिल मागवलं तर मागील थकबाकी चार हजार सातशे. पगार भरपूर होता, बिल भरायचं राहून जात होतं एवढंच. पण मीटर माझ्या नावावर आहे.

हे दोन फोन आणि एक बिल एजंटानं बघायला हवं होतं. तो आधार कार्ड घेतो, पोलिसांकडं द्यायचा भाडेकरूच्या माहितीचा अर्ज भरून देतो, आणि त्यालाच चौकशी म्हणतो. एक स्टार इथं गेला.

सगळ्यात खाली वसमतकडचे शेतकरी. कागदावर एजंटाचा शेरा, 'इन्कम प्रूफ नाही'. रविवारी नवरा, बायको, मुलगी तिघंही आले. नवरा म्हणाला, "मॅडम, दर महिन्याला आमच्यानं जमायचं नाही. हळद इकली की वर्षाचं एकदम देऊन टाकतो." आणि खिशातून चार घड्या घातलेली अडत्याची पट्टी काढली. किती क्विंटल, काय भाव, हमाली, तोलाई कापून हातात किती, सगळं लिहिलेलं. याहून चांगली पगाराची चिठ्ठी मी तरी पाहिली नाही. तेवढ्यात त्याची बायको कुठं गेली म्हणून बघते तर ती गच्चीवर टाकीचं झाकण उघडून आत डोकावत होती. "बोअरला पाणी किती हाय, मॅडम? उन्हाळ्यात टिकतंय का?" माझं तिथंच ठरलं.

आता करारनामा. एजंट म्हणाला, स्टॅम्पवर लिहून नोटरी करू, सगळे तेच करतेत. मी नाही म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ आहे. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. तरी लोक पाचशे-हजार वाचवतात.

खर्चाचं सांगते. नऊ हजारांप्रमाणं ११ महिन्यांचे ९९,०००. परत द्यायचं डिपॉझिट ३०,०००, त्यावर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरून आणखी २,७५०. एकूण रकमेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटानं मागितले ३,५००. त्याची मजुरी असावी याला माझी ना नाही, पण हिशोब मला वहीत मांडून त्याच्यासमोर धरावा लागला, मग तो पाचशेनं खाली आला. शिवाय त्याची दलाली माझ्याकडून अर्ध्या महिन्याची आणि भाडेकरूकडून पूर्ण महिन्याची, ती वेगळी.

मात्र ऑनलाइन नोंदणीसाठी तो अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी आला, ही सोय मोलाची. बाईंचा अंगठा काही केल्या उठेना. हळद काढून, शिजवून, घोळून बोटं गुळगुळीत झालेली. एजंटानं न चिडता ओला रुमाल आणला, एकेक बोट पुसून लावून बघितलं, सातव्या बोटाला मशीननं ओळखलं. स्टार त्या अर्ध्या तासासाठी आहे.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. मशीन पिशवीत भरताना तो सहज म्हणाला, "मॅडम, अजून एक पार्टी होती. शेख म्हणून, उदगीरचे. बाई दवाखान्यात सिस्टर हायेत, पोरगी अकरावीला. मी परस्परच नाही म्हणून टाकलं, तुम्हाला कशाला त्रास."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच की. शाकाहारी असले तर बरं म्हणला होतात."

म्हटलं होतं. पहिल्याच फोनवर, वासाचं म्हणून. ते एक वाक्य तो कुठवर घेऊन गेला, आणि मी बोलले तेव्हा माझ्या मनात तेवढंच होतं का, हे मी अजून स्वतःला धड सांगू शकले नाही. चाळीस वर्षं हजेरी घेतली, सगळी आडनावं एका सुरात पुकारली. नंबर घेऊन सिस्टरना फोन लावला, काय बोलायचं ते न ठरवताच. त्या म्हणाल्या, "खाडगाव रोडला मिळाली, मॅडम. तिसरा मजला आहे, चालतंय. तुमच्या घराचे फोटोच बघितले होते आम्ही. गच्ची चांगली होती."

वसमतच्या मंडळींकडं दर रविवारी मटण शिजतं. मी त्यांना काही बोललेले नाही.

परवा एजंट उरलेले पैसे न्यायला आला तेव्हा त्याला म्हटलं, तुझ्या कागदावरचा व्हेज-नॉनव्हेजचा रकाना काढ आणि तिथं मागच्या दोन घरमालकांचे नंबर लिहायला जागा ठेव. म्हणाला, "मॅडम, ते नंबर कुणी देत नाही." म्हटलं, नाही दिला तर तसं लिही. बघतो म्हणाला, आणि पाचशेची नोट उजेडात धरून बघत गाडीवर बसला.