जुनी गाडी विकताना भेटलेला मधला माणूस

आमची 2015 सालची वॅगनआर विकण्यासाठी मी एका संकेतस्थळावर तीन लाख दहा हजार रुपयांची जाहिरात दिली होती. लष्करात असल्याचे सांगून, गाडी न पाहताच सौदा पक्का करून, ‘पैसे जमा होण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला लावणाऱ्यांचे फोन मलाही आले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही हे ठाऊक असल्याने ते मी तिथेच तोडले. ज्याने खरोखर घात केला, त्याने मात्र ना पिन मागितला ना ओटीपी.

तो अदबीने बोलला. पाच हजारांचीच घासाघीस केली, टायर कधी बदलले, क्लच प्लेटचे काम झाले आहे का, असे जाणकार गिऱ्हाईक विचारते तेच विचारले आणि आरसी बुकाचे व विम्याचे फोटो मागवून घेतले. मग म्हणाला, “साहेब, एका पार्टीचे पैसे मी देणे लागतो, त्यापोटी ही गाडी त्यांना देतोय. ते बघायला येतील. त्यांच्यापुढे किमतीचा विषय तेवढा काढू नका, आमचा हिशेब वेगळा आहे.” धंद्यात असे व्यवहार होत असतात.

रविवारी बारामतीकडचे एक गृहस्थ ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन आले. मेकॅनिकने ऑइलची पट्टी पुसून पाहिली, दाराची रबरे ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके तपासले, एक फेरी मारली. किमतीबद्दल कोणीच अवाक्षर काढले नाही. गृहस्थ बाजूला जाऊन फोनवर बोलले आणि परत येऊन म्हणाले, “पैसे पाठवले, आता चावी द्या.” त्याच सुमारास तीन लाख पाच हजार जमा झाल्याचा संदेश मलाही आला, पण तो बँकेच्या नेहमीच्या नावाने नव्हे, साध्या मोबाइल क्रमांकावरून आला होता, आणि बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक होती तेवढीच होती.

मग दारातच जो वाद झाला, त्यात सगळे उलगडले. त्या भामट्याने माझेच फोटो वापरून हीच गाडी दोन लाख दहा हजारांना विकायला काढली होती. मी त्याचा मेहुणा असून घरात पैशांवरून तेढ आहे, तेव्हा माझ्यापुढे किंमत काढू नये, असे त्याने गृहस्थांना बजावले होते, आणि आयएमपीएसने पाठवलेली सगळी रक्कम त्याच्या खात्यात गेली होती. गृहस्थांना मी त्याचा साथीदारच वाटलो, आणि त्यांच्या जागी कोणालाही तसेच वाटले असते.

1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार केल्यामुळे खात्यात उरलेली थोडी रक्कम गोठवली गेली. बाकीची तोवर पुढे वळती झाली होती. जबाब मलाही द्यावा लागला. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318(4) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीचे कलम 66 ड अशा प्रकरणांना लागू होते. मात्र खाते भलत्याच्याच नावावर निघाले की तपास रेंगाळतो.

या फसवणुकीचा सगळा डोलारा विकणारा आणि घेणारा एकमेकांशी किमतीबद्दल न बोलण्यावर उभा असतो. म्हणून गाडी पाहायला येणाऱ्याला पहिल्याच वाक्यात आपली किंमत सांगावी आणि तुम्हाला किती सांगितली आहे, हे विचारावे. पैसे समोरच्या माणसानेच, आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात भरावेत, आणि शिल्लक ॲपमध्ये दिसेपर्यंत चावी हातची सोडू नये. आरसीचा फोटो पाठवणे भागच असेल, तर चासी व इंजिन क्रमांक झाकावेत.

“नमुना 29 आणि 30 वर सह्या करून ठेवा, बाकीचे मी भरतो,” असेही त्या भामट्याने सुचवले होते. हे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे अर्ज असतात. कोऱ्या अर्जांवर सह्या करण्याचा हा प्रस्ताव खऱ्या गिऱ्हाइकाकडून आला तरी नाकारावा. आरटीओत नाव बदलेपर्यंत नोंदणीकृत मालक आपणच राहतो, आणि दरम्यान त्या गाडीचा अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला आहे.