डिस्क की रबर कप? फिलिंग पॉलिश करायच्या दोन किटबद्दल

दातांच्या कंपोझिट फिलिंगसाठी (दाताच्या रंगाचं, रेझिनचं) दोन्ही वापरून बघितल्या, चार ग्रेडच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड डिस्क आणि एकाच स्टेपमध्ये काम होतं म्हणणारे डायमंडवाले रबर कप. सपाट पृष्ठभागावर डिस्कला तोड नाही, पुढच्या दातांवर तर आरशासारखी चमक येते, पण जाड ते बारीक हा क्रम नीट पाळायचा आणि मधे पाणी मारून धुवायचं, नाहीतर आधीच्या डिस्कचे कण तसेच राहतात आणि पुढची डिस्क त्याच कणांनी ओरखडे काढत बसते (मी घाईत एक ग्रेड गाळली होती, लगेच कळलं).

दाढांच्या खाचांमध्ये मात्र डिस्क जातच नाही हो, तिथे कपच. वेळ वाचतो हे खरं, पण आधी बरने (ड्रिलच्या टोकाने) खडबडीत सोडलं असेल तर एकटा कप ते झाकू शकत नाही. आणि कोरडं जोरात दाबून फिरवू नका, गरम होतं.

०.२ मायक्रॉनच्या वर खडबडीतपणा गेला की प्लाक (जिवाणूंचा थर) जास्त चिकटतो, म्हणून चमक फक्त शोभेची नाही. मायलर स्ट्रिपखालचा (फिलिंग कडक होताना त्यावर दाबून धरायची पारदर्शक पट्टी) पृष्ठभाग सगळ्यात गुळगुळीत असतो खरा, पण तो थर नुसत्या रेझिनचा, काढावाच लागतो. मटेरियलही बघा, नॅनोफिल (अतिसूक्ष्म कणांचं कंपोझिट) पटकन चमकतं, मोठ्या कणांच्या हायब्रिडवर कितीही घासा, तेवढं नाही येत.

डिस्कला साडेचार स्टार, कपला साडेतीन.